आखूड दावं

खुशालराव आमचे भाऊजी. दर्यापूरच्या खारपानपट्ट्यात त्यायची काळी जमीन, अन् इहिरीचं पानी असं खारट की चहाचं दूध फाटते. मानूस मनानं सोनं, पन डोक्यानं हेकट. आमची मोठी बहीन जमुनाबाई लग्न होऊन त्यायच्या घरी गेली तवापासून म्हने, एक डाव समुद्र दाखवा. हे इहिरीकडं बोट करत. "हा काय समुद्र. तितंबी खारंच पानी हाय. एवढ्या दूर जाऊन काय पायतं?" सारे हासत. बाईबी हासे.

मंग बाईच्या डोळ्यात काचबिंदू निघाला. अंधार पडला की तिले काईच दिसत नोतं. अमरावतीचे डॉक्टर म्हनले, ऑपरेशन करू, पन नजर राहीलच असं सांगता येत नाई. त्या दिवशी भाऊजी जेवले नाई. पुन्याले पोराले, विपुलले, फोन लावला अन् म्हनले, तुह्या मायले समुद्र दाखवाचा हाय.

विपुलनं कोकनातली मुक्कामाची नाव ठरवून देल्ली. खाडीखाडीनं तीन दिवस, शेवटच्या संध्याकाळी समुद्र, अन् तितूनच रातची गाडी, कारन ऑपरेशनची तारीख ठरलेली. सोबतीले मी, गोवर्धन. मले पोहता येते का, हे कोनी इचारलं नाई.

खाडी मंजे आपल्या पांदनीएवढी वाट. दोन्हीकून झाडं पान्यातच उभी, नाव वळली की फांद्या आंगाले घासत. बाई तोंड वर करून म्हने, "हिरवं हिरवं दिसून रायलं बापा." दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी नाव चालवनारा तांडेल एका धक्क्याले नाव बांधून गावात डिझेल आनाले गेला. जाता जाता म्हनला, "दोर ढिला आहे तो ढिलाच राहू द्या."

आता ढिलं दावं पाहून आमच्याकडच्या मानसाले चैन पडते का? नाव हाले, बाईले धाक वाटे. भाऊजी उठले, दोर आखूड केला अन् मारक्या बैलाले बांधते तशी दोहेरी गाठ मारली. "पाह्य, आता कशी गरीब झाली," म्हनले. आमी जेवून लवंडलो.

भांडे गडगडले तवा जाग आली. पानी खाली गेलतं. आमच्या नदीचं पानी पुढं जाते, हे असं जागच्या जागी खाली बसते हे कोनाले ठाऊक? ढिल्या दोरानं नाव पान्यासंगं खोलाकडं सरकली असती; आता तिचं एक आंग दोराले टांगलेलं, दुसरं चिखलात. गाठ अशी आवळली की सुटेना. भाऊजी बोटं सोलेपर्यंत ओढत रायले. तांडेल आला, त्यानं कोयत्यानं दोर तोडला अन् नाव धपकन चिखलात बसली.

"आता भरतीशिवाय हलणार नाही," तो म्हनला.

"कधी येते ते भरती?"

"दिवस मावळल्यावर."

रस्त्यानं जावं तर ते गाव बेटावरचं. तितून निघाले नावच पाह्यजे, अन् दुसरी नाव धक्क्याले नोती. भाऊजी कडेले उभे राहून चिखलाकडं पाहत, मंग सूर्याकडं पाहत. "चाल ना बापा, चाल ना," असं पान्याले म्हनत. मले त्यायचा रागबी आला अन् कीवबी. करता काय? बाई म्हने, "बसा ना, पाय दुखतीन."

पानी आलं, नाव निघाली, पन खाडीच्या तोंडाशी पोचलो तवा पुरा अंधार झालता. "हा बघा समुद्र," तांडेल म्हनला. बाईनं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

"कोन्या आंगाले हाय?" ती म्हने.

 भाऊजीनं वाकून ओंजळभर पानी घेतलं अन् तिच्या हातात वतलं. तिनं बोट बुडवून जिभेले लावलं.

"आपल्या इहिरीवानीच हाय," म्हने. "तुमी खोटं नोते सांगत."

भाऊजी तितंच खाली बसले अन् लेकरावानी रडले.

ऑपरेशन झालं. नजर गेली ते गेलीच. आता शेजारच्या बाया इचारतात, जमुनाबाई, समुद्र कसा असते वं? ती हासून इहिरीकडं बोट करते. भाऊजी उठून गोठ्यात जातात.