खांदशेकणी आणि गुलाबी कुत्रा

मुलांनो, परवा फोटो चाळताना तुम्ही विचारलंत, आपला पांढरा कुत्रा या एकाच फोटोत गुलाबी का? तुमची आई यावर नुसती हसते, आणि आजोबांनी सांगितलं तर त्यात ते स्वतः निर्दोष निघतील. म्हणून मीच क्रमाने लिहून ठेवते.

तुम्ही परदेशी गेलात आणि कुत्रा अमरावतीला आमच्याकडे आला. पुढे तुमच्या आईला काळजी वाटू लागली, की या वयात आम्हाला तो झेपत नाही. पुण्याची तिची एक मैत्रीण त्याला घ्यायला तयार होती. "आज संध्याकाळी व्हिडिओवर त्याला बघते, मग ठरवू," तुमची आई फोनवर म्हणाली. म्हणजे तो आमच्याकडेच राहायचा, तर त्या दिवशी नीटनेटका दिसणं भाग होतं. कुत्र्यांना अंघोळ घालून केस नीट करणाऱ्या ग्रूमरकडे मी दुपारची वेळ घेतली.

सकाळी भाजी घेऊन परत येते, तर कुत्रा मानेपासून पाठीपर्यंत पिवळाधमक आणि आजोबा पळसाच्या पानाने त्याला तूप चोळताहेत.

"अहो, हे काय?"

"उद्या पोळा हाय. आज खांदशेकणी."

अकोल्याकडच्या त्यांच्या गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे जुवाने दुखावलेले खांदे हळद-तुपाने चोळतात. शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी गेली, पण यांचे हात शिवशिवत असणार.

"हा कुत्रा आहे. याने कधी नांगर ओढलाय?"

"मले रोज बागेपर्यंत ओढत नेते ना! त्याचे खांदे दुखत नसतीन काय?"

गोणपाट अंथरून आम्ही ऑटोत बसलो.

ग्रूमरची गल्ली कुत्र्याला ओळखता येते. कोपरा आला तसा तो सीटखाली शिरला आणि चारी पाय पसरून बसला. एरवी आजोबा त्याला कवेत घेऊन उचलतात, पण तुपामुळे धरायला जागाच नव्हती. धरला की सुळकन निसटायचा.

"काकाजी, जावई रुसला वाटते," ऑटोवाला म्हणाला.

"जावई असा चोपडा नसते बाप्पा!"

शेवटी गोणपाटासकट ओढून काढला. ग्रूमर ही एक तरुण मुलगी. तिने वास घेतला.

"आजी, फोडणी देऊन आणलं का याले?"

मी काही बोलायच्या आत तिने शाम्पू ओतला आणि पिवळा कुत्रा आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, हे चादरी धुणाऱ्या कोणालाही माहीत असतं. आठवलं मात्र उशिरा. दोनदा धुतल्यावर लाल उतरून गुलाबी उरला. मग तिने ड्रायर लावला, केस फुलले, आणि टेबलावर जत्रेतले बुढ्ढी के बाल उभे राहिले.

"उन्हात बसवा, उतरते," ती म्हणाली.

हा उपाय बरोबर होता, पण श्रावणात ऊन कुठून आणायचं? गच्चीवर जिथे कवडसा पडेल तिथे आम्ही दोघं कुत्रा घेऊन सरकत होतो. आम्ही पोहोचलो की ढग यायचा.

"चष्मा बदल म्हणा लेकीले," आजोबांनी सुचवलं.

संध्याकाळी फोन वाजला. आम्हाला तो कसा उत्तम झेपतो, याची वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. पण तुमच्या आईने स्क्रीनच्या जवळ येऊन कुत्रा पाहिला. मी माझं पहिलं वाक्यही विसरले.

"बाबांनी खांदे शेकले त्याचे?" तिने हळूच विचारलं.

आजोबा मान खाली घालून उभे.

आणि मग, कित्येक वर्षं तिच्या तोंडून न ऐकलेल्या बोलीत ती म्हणाली, "मंग आवतन देल्लं का त्याले?"

खांदे शेकले की बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं असतं. लहानपणी गावी ते काम तिचं होतं. आजोबांनी फोन कुत्र्याच्या कानाशी नेला. तिकडून आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." कुत्र्याने फोन चाटला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुरणपोळी खाल्ली; तुम्ही पाहिलेला फोटो तेव्हाचाच. पुण्याचा विषय तुमच्या आईने पुन्हा काढला नाही.

गुलाबी रंग हळूहळू गेला. ग्रूमरची वेळ मी आता पोळा होऊन बरेच दिवस गेल्यावरच घेते. गावच्या गोठ्यात पाइप आणि खताची पोती आहेत. खांदशेकणी मात्र दरवर्षी आमच्या अंगणात होते, आणि कुत्रा इथेच आहे.