गिरदावरांचा टिपका

गोपाळरावांची शिडी परत करताना मी एकदा सहज ती उलटी करून पाहिली. तळाशी तांबड्या रंगाचा टिपका होता. मी त्यांची शिडी ठेवून घेऊन दुसरीच परत देईन, ही भीती! एवढ्या वर्षांचा शेजार, त्यात मी वकील. कदाचित वकील आहे म्हणूनच. मला तेव्हा फार राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

हा माणूस महसूल खात्यात गिरदावर होता. निरीक्षकाला आमच्या आदिलाबादेत निजामाच्या काळापासून गिरदावरच म्हणतात. सारी नोकरी शेतांच्या हद्दी तपासण्यात गेली. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड हळूच सरकतो किंवा बदलला जातो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं की ते दगडांवर गुपचूप टिपके मारून ठेवू लागले. निवृत्त झाले, दगड सुटले, टिपका सुटला नाही. गॅसच्या टाकीवर टिपका, छत्रीच्या दांड्यावर टिपका. दुधावर मारता येत नाही म्हणून दूधवाल्याकडं नुसते रोखून बघायचे.

रंग मात्र सासुरवाडीचा. दमयंतीवहिनींचं माहेर बाजारहत्नूरला. भाऊ देवानंद कापूस पिकवतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग तो डबीत भरून भाऊजींच्या हाती ठेवायचा, आणि हसायचा.

गाडी घेतली ती वहिनींसाठी. त्यांचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवेना, आणि माहेरी आई रेणुकाबाई अंथरुणाला खिळलेली. लेकीनं यावं, दोन घास भरवावेत, एवढीच त्या माउलीची हौस उरली होती.

गाडी घेतल्यावरच्या पहिल्याच पोळ्याला ती बंद पडली. माहेराहून परत येताना देवानंद चालवत होता. इच्चोड्याकडच्या चढावर इंजिन गचका देऊन थांबलं ते थांबलंच. बिचाऱ्यानं गावात जाऊन ट्रॅक्टर आणला आणि गाडी ओढत शहरातल्या शोरूमच्या वर्कशॉपपर्यंत आणली. मेकॅनिकनं मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वायर हलवली आणि सगळं ठीक आहे म्हणाला. तो पाना आणायला वळला तेवढ्यात गोपाळरावांनी खिशातली डबी काढली आणि पंपाच्या डोक्यावर टिपका मारला. देवानंद शेजारीच उभा होता. इथं बी का भाऊजी, म्हणून तो हसला.

गोपाळराव हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, की माझ्या हाती कधी बंद पडली नाही, तुझ्याच हाती कशी पडली? देवानंद चहा न घेता ट्रॅक्टरवर बसून निघून गेला. त्यानंतर त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नाही.

पुढं गाडी गोपाळरावांच्या हातीही बंद पडली. मग यांना वाटलं, देवानंदनंच टाकीत काहीतरी घातलं असणार. संशयाला काय, जिथं बसवाल तिथं बसतो. शोरूमच्या मॅनेजरनंही तो बरोबर ओळखला. कुण्या बाहेरच्यानं हात लावला होता का, असं तो गोड आवाजात विचारायचा. गिऱ्हाइकानं काचेमागं बसून कॉफी प्यायची, गाडी आत जायची, धुऊनपुसून चकाचक बाहेर यायची. "नवा पंप टाकलाय साहेब, वॉरंटीत." सपाट रस्त्यावर ती लोण्यासारखी पळायची. चढ आला की बसायची. पुन्हा नेली, पुन्हा नवा पंप टाकल्याचं सांगितलं, पुन्हा तेच. भर घाटात मागून ट्रक अंगावर येताना पाहिल्यावर वहिनींनी गाडीत बसणं सोडलं. तिकडं रेणुकाबाई सुनेच्या हातचं खाताना दाराकडं बघत राहायच्या.

शेवटी गोपाळराव माझ्याकडं आले. आधी खिडकी लावून घेतली. मी त्यांना सांगितलं, की गाडी अमुक वेळा बिघडली की आपोआप नवी मिळते, असा वेगळा कायदा आपल्याकडं नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा आहे. गाडीत मुळातच दोष आहे आणि संधी देऊनही तो दूर केला नाही, हे दाखवता आलं तर जिल्हा ग्राहक आयोग गाडी बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. मात्र ते दाखवायचं आपण. नुसता संशय तिथं चालत नाही.

त्यावर ते पुढं झुकून म्हणाले, "वकीलसाहेब, पंप बदललाच नसन तर?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा संशय आवडला. सीटला हात लावायचा नाही, असं मी त्यांना बजावलं. तक्रार दाखल केली आणि आयोगाकडं तज्ज्ञाची मागणी केली. इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले. दोन्ही बाजूंसमोर झाकण उघडलं. पंपावर तांबडा टिपका तसाच होता.

मॅनेजरचा चेहरा पडला, पण त्यांचा वकील कच्चा नव्हता. हा टिपका काल रात्रीही मारला असेल, मारताना पाहणारा कुणी आहे का, असं त्यानं आयोगापुढं विचारलं. पाहणारा एकच होता.

हे मी गोपाळरावांच्या घरी जाऊन सांगितलं. वहिनी आतून आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता जा. पण गवाह मागाले जाऊ नका. आधी माफी मागा."

मीच त्यांना माझ्या गाडीतून नेलं. वाटभर ते ओठ हलवत होते, म्हणजे तयारी चालली होती. देवानंदसमोर उभे राहिले आणि तोंडातून निघालं ते एवढंच, की गवाही पाहिजे. माफीचा शब्दही नाही. मला त्यांना तिथंच सोडून यावंसं वाटलं. देवानंदनं क्षणभर बहिणीच्या नवऱ्याकडं पाहिलं, आणि जे पाह्यलं ते सांगतो म्हणाला.

त्यानं शपथेवर सांगितलंही. समोरच्या वकिलानं त्याला खोचकपणे विचारलं, तुम्ही सख्खे मेहुणे, तेव्हा त्यांच्याच बाजूनं बोलणार ना?

"ते तं माह्यासंग बोलतच नाहीत, साहेब," देवानंद म्हणाला. "गाडी मीच बिघडवली, असं म्हणून राह्यले ते."

समोरचा वकील खाली बसला. आपल्यावर आळ घेणाऱ्यासाठी हा माणूस खोटं कशाला बोलेल? पंप मुळातच सदोष होता आणि बदलल्याचं नुसतं सांगितलं होतं, असं तज्ज्ञानंही लिहून दिलं. आयोगानं नवी गाडी देण्याचा आदेश दिला. ती आली तेव्हा पुन्हा पोळा तोंडावर होता.

पोळ्याच्या दिवशी मीही सोबत बाजारहत्नूरला गेलो. इच्चोड्याचा चढ गाडीनं एका दमात काढला. वहिनी उतरल्या त्या थेट आईपाशी गेल्या. आतून ताटवाटीचा आणि म्हातारीच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. देवानंद गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होता. गोपाळराव त्याच्यासमोर गेले आणि किल्ली पुढं केली. चालव म्हणाले. त्यांच्या परीनं तीच माफी होती.

देवानंदनं किल्ली घेतली नाही. रंगाची डबी उचलून भाऊजींच्या हाती ठेवली, नेहमीसारखी, फक्त हसला नाही. मग आपला तळहात त्यांच्यापुढं धरला.

"आधी मले एक टिपका मारून ठेवा, भाऊजी. पुढच्या खेपेले मानूस तोच हाये का बदलला, ते तुमाले पाहता येईन."

गोपाळराव एका हातात किल्ली आणि एका हातात डबी घेऊन तसेच उभे राहिले. आतून वहिनींनी जेवायला हाक मारली. दोघंही हलले नाहीत.