पडद्यावरचं हिरवं पाणी

पडद्यावर हिरवं होतं. काचेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत नुसतं हिरवं. जगताप साहेब म्हणाले, "वहिनी, बाकी काही नाही, चित्र जरा फिकं आलंय. तेवढं कडक करून द्या, की जीपनं तुम्हाला शिरूरला सोडतो."

मी मान डोलावली. पण ते हिरवं मला बघवेना. का, ते त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी तिथं कशी, ते आधी सांगते. शिरूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आमचे हे काढायचे, व्हिडिओ शूटिंग माझ्याकडं. मला शिकवलं कुणी नाही. कॅमेऱ्याबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन उन्हाळे वाचलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा वेळ लागणारच. नव्वद सालानंतरचे दिवस ते. बाईनं खांद्यावर कॅमेरा घेतला की वऱ्हाड नवरी सोडून माझ्याकडंच बघायचं. जगताप साहेब दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरचे इंजिनिअर. त्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलं होतं. कारखान्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र बिघडलं, कंपनीचा माणूस पुण्याहून यायला दोन दिवस लागणार, म्हणून त्यांना मी आठवले. सकाळी दारात जीप. न्हावरं, नदीवरचा पूल, चौफुला, वरवंड करत अकराच्या सुमारास मी बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये उभी.

आता बॉयलर म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. खाली उसाचा चोथा जळतो, त्याला ते बगॅस म्हणतात. त्या आगीवर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. सर्वांत वर, चार मजले उंचीवर, आडवी ठेवलेली एक जाड लोखंडी टाकी असते. तिला ड्रम म्हणायचं. ड्रममध्ये पाणी निम्म्याला हवं. जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. कमी झालं तर खालच्या नळ्या कोरड्या पडून तापतात आणि फुटतात. फुटल्या की जवळ असलेला माणूस उरत नाही. हे मला साहेबांनी इतक्या सहज सांगितलं, की त्यांना रोजचं झालंय हे कळलं. मला नव्हतं झालं. माझ्या पायाखालची जाळी थरथरत होती आणि मी घाम पुसत होते.

पाणी किती आहे ते दिसावं म्हणून ड्रमला एक उभी काच लावलेली असते. मागून दिवे असे दिलेले, की पाणी असेल तिथपर्यंत हिरवं दिसतं आणि वर वाफ असेल तिथं लाल. त्या काचेसमोर कॅमेरा बसवलेला, आणि खाली कंट्रोल रूममध्ये टीव्ही. टीव्हीशेजारी छोटा डबा, त्यावर दोन बटणं, ओपन आणि क्लोज. ती आयरिसची. आयरिस म्हणजे कॅमेऱ्याची बाहुली. उन्हात आपल्या डोळ्यातली बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते. तसंच ते. चार मजले खाली बसून बटण दाबलं की वर एक इवलीशी मोटर फिरते आणि बाहुली लहान-मोठी होते.

पॅनेलसमोर कांबळे नावाचे ऑपरेटर बसले होते. पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी शेखमामा, बॉयलर अटेंडंट, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. मी खुर्ची ओढली तसे ते म्हणाले, "बाई, हाय त्यात बिघाड करू नका. पाणी दिसतंय, आमाला तेवढं बास."

"मामा, कालपासून असंच दिसतंय का?"

"कालच्या क्लीनिंगपासनं. वर समदं धुतलं ना."

मी कांबळेंना विचारलं, "आणि त्याआधी?"

"आधी लय अंधुक यायचं. राख बसायची काचेवर. मग जो शिफ्टला असंल तो ओपन दाबायचा. मीपण दाबलंय."

"किती दिवस?"

"सीझन सुरू झाल्यापासनं."

म्हणजे तीन शिफ्ट, दोन महिने, प्रत्येक जण बाहुली थोडी-थोडी मोठी करत गेला. आणि काल कुणीतरी कॅमेऱ्याची काच पुसली. सताड उघड्या डोळ्यावर एकदम सगळा उजेड आला.

"धुतल्यावर चित्र कसं आलं?"

कांबळे जरा घुटमळले. "पांढरंफेक. काही कळंना. मग मी टीव्हीचा ब्राइटनेस कमी केला, कलर वाढवला. तवा हिरवं आलं."

"लाल कुठं गेलं?"

"पाणी भरपूर आसंल, म्हणून लाल नसंल, असं वाटलं."

उजेड फार झाला की रंग मरतात. आणि त्यात जो दिवा जास्त तेज असतो, त्याचा रंग कॅमेऱ्यात वर-खाली सांडतो. लग्नात हॅलोजन नवरीच्या पैठणीवर पडला की शेजारच्या करवलीचं लुगडंसुद्धा पैठणीच्या रंगाचं होतं, हे मी स्वतः रडत-रडत शिकले होते. तिथं फार तर करवली रुसली असती.

मी विचारलं, "पाणी बघायला दुसरं काही आहे का?"

साहेबांनी पॅनेलवरच्या एका काट्याकडं बोट दाखवलं. काटा निम्म्यावर होता. "हा बघा, बरोबर मध्ये."

"हा हलतो का?"

मग कांबळे म्हणाले, "काल सकाळपासनं तिथंच हाय."

"आणि दुसरी काच?"

"गळती हाय तिला. बंद ठेवलीय."

साहेबांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते माझ्याकडं शूटिंगवाल्या वहिनी म्हणून बघत होते. आता ते टीव्हीकडं बघत होते.

मी टीव्हीचे सगळे नॉब आधी मध्यावर आणले. माझी सवय ती, टीव्ही सरळ केल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पडदा पांढरा झाला. मग क्लोजचं बटण दाबून धरलं. काही सेकंद काहीच होईना. मग पांढऱ्याच्या कडा काळ्या झाल्या. चित्र आत-आत आलं. आणि काचेच्या वरच्या टोकाला लाल उगवलं. ते खाली उतरत गेलं. निम्म्याच्या खाली गेलं, आणखी खाली गेलं. मी बटण सोडलं तेव्हा काचेच्या तळाशी हिरव्याची एक चिंधी उरली होती.

"या अल्ला," शेखमामा हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर गेला.

"मामा, थांबा." साहेब ओरडले नाहीत, पण मामांचा हात थांबला. "वहिनी, हे खरं आहे का?"

बॉयलरच्या माणसांचा एक नियम आहे. काचेत थोडं जरी पाणी दिसत असेल तर जपून पाणी सोडता येतं. काचेत काहीच नसेल तर सोडायचं नाही. नळ्या लाल झाल्या असतील आणि त्यावर पाणी पडलं, तर बॉयलरच फुटतो. तेव्हा फक्त आग काढायची आणि लांब व्हायचं. म्हणजे ती तळाची हिरवी चिंधी खरी की खोटी, यावर सगळं होतं. आणि ती मी बटण दाबून आणलेली. आणखी दोन सेकंद दाबलं असतं तर तीही गेली असती. जरा कमी दाबलं असतं तर चार बोटं जास्त दिसली असती.

मी म्हणाले, "साहेब, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"हे चित्र मी लावलंय. वर काय आहे, ते मी बघितलेलं नाही. कुणीतरी डोळ्यानं बघून सांगा, मी पडदा त्याला जुळवते."

साहेबांनी आधी बगॅस बंद करायला सांगितलं. आग एकदम विझत नाही, आतला चोथा जळतच राहतो. मग वर कोण जाणार यावर बोलणंच झालं नाही. शेखमामांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंडाला बांधला.

कांबळे म्हणाले, "मामा, तुमचे गुडघे. मी जातो."

"तू टीव्ही बघ. तुला तेच येतं," मामा म्हणाले आणि जिन्याला लागले.

फुटल्या तर फुटायच्या त्या नळ्या जिन्याच्याच बाजूला होत्या. जाळीच्या जिन्यावर त्यांच्या चपला वाजत होत्या, एक पाय टाकून दुसरा ओढल्यासारख्या. मला वाटलं, या माणसाला मी वर पाठवलं. मी गप्प बसून चित्र कडक केलं असतं तर तो इथंच उभा असता. असं वाटण्यात काही अर्थ नव्हता, पण वाटलं.

फोन वाजला. वर ड्रमपाशी एक फोन होता. साहेबांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"बाई, ऐका. तळाला हिरवं हाय. चार बोटं. वर समदं लाल."

पडद्यावर हिरवं दोनच बोटं होतं. मी ओपन अगदी टिचकीसारखं दाबलं. हिरवं जरा वर सरकलं, लाल लालच राहिलं. "मामा, लाल-हिरव्याची रेघ कुठं आहे? खालच्या नटापासून सांगा."

"नटाच्या वर, दोन बोटं."

आणखी एक टिचकी. जुळलं. मी साहेबांकडं बघून मान डोलावली. रिसीव्हर माझ्या हातात देऊन साहेब स्वतः व्हॉल्व्हपाशी गेले आणि पाव फेरा चाक फिरवलं.

तेवढ्यात पडद्यावरचं हिरवं गेलं.

पूर्ण गेलं. काच वरपासून खालपर्यंत लाल. मी फोनमध्ये म्हणाले, "मामा." उत्तर नाही. रिसीव्हर कुठंतरी लोंबकळत असल्यासारखा ठक-ठक आवाज, आणि वाफेचा फुसकारा.

"वहिनी, बटण दाबलंत का?" साहेबांनी विचारलं.

किती वाटलं, हो म्हणावं. माझीच चूक असती तर बरं झालं असतं. पण माझे दोन्ही हात फोनवर होते.

"नाही, साहेब. मी हात लावलेला नाही."

साहेबांनी व्हॉल्व्ह बंद केला. कांबळे उठून उभे राहिले आणि जिन्याकडं बघायला लागले. पळावं की वर जावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी "मामा, मामा" म्हणत होते.

मग पडद्यावर, तळापासून, हिरवं झपकन वर आलं. होतं तिथंच येऊन थांबलं. जरा डचमळलं आणि स्थिर झालं.

"हां, बाई," फोनमध्ये मामा धापा टाकत होते. "काच धुतली. खालचा कॉक उघडून पाणी सोडून दिलं, परत येतंय का बघितलं. आलं. काच खरं बोलती. सोडा म्हणावं पाणी."

खालची वाट तुंबलेल्या काचेतसुद्धा जुनं पाणी दिसतं, म्हणून ती रिकामी करून बघायची, अशी त्यांची पद्धत. चाळीस वर्षं तेच करत आले होते. खाली कुणाला सांगावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कॅमेरा येण्यापूर्वी खाली बघणारं कुणी नव्हतं.

साहेब खुर्चीवर बसले. मग उठले आणि पाणी सोडलं. निम्म्याला यायला बराच वेळ लागला. तोवर मामा वरून बोटं मोजत होते, मी खाली पडद्यावर मोजत होते. पाणी चढलं की उजेड बदलायचा, मग एखादी टिचकी द्यायची. शेवटी साहेबांनी दोन्ही बटणांवर चिकटपट्टी मारली आणि टीव्हीचे नॉबच काढून खिशात टाकले.

मामा खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी म्हणाले, "मामा, सांगायचं होतं ना काच धुताय ते. माझा जीव गेला होता इथं."

"मलाबी कुटं ठावं धुतलेलंबी टीव्हीवर दिसतंय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमी फोनवर हाय."

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला आणि त्यानं आयरिस ऑटोवर टाकला. ऑटो म्हणजे कॅमेरा सगळ्या चित्राचा मिळून उजेड बघतो. भोवती काळं लोखंड, मध्ये बोटभर काच. कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे, त्यानं बाहुली मोठी केली आणि परत पांढरं. जगताप साहेबांनी मला फोन केला, मी म्हणाले मॅन्युअलवरच ठेवा. आणि दर शिफ्टला एकानं वर जाऊन बघायचं, एकानं खाली, आणि फोनवर बोलायचं, हे त्यांनी लिहून लावलं. शेखमामा निवृत्त होईपर्यंत कुरकुरत वर जात राहिले. काटा दुरुस्त झाला, दुसरी काचही बदलली.

मी त्यानंतर बरेच कॅमेरे लावले, दुकानांत, गोदामांत, एका बँकेतही. चित्र काळं आलं की मालक लगेच फोन करतात, आणि मी आनंदानं जाते. पडदा काळा असला की माणूस उठून स्वतः बघायला जातो, त्यात धोका कमी. चित्र छान आहे, कुणी हात लावू नका, असं म्हणाले की मात्र मी पहिल्यांदा विचारते, शेवटचं डोळ्यानं कुणी बघितलंय.