वेणी डावीकडे वळते

मला रुखवताची किळस येते. शब्द जरा जड वाटेल, पण दुसरा सापडत नाही. लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबलं जोडून त्यावर चादर घालतात, मागे झिरमिळ्या सोडतात आणि पुढे काय काय मांडतात. रिकाम्या बाटलीला लोकर गुंडाळून केलेली बाहुली. लोकरीचा पोपट, त्याला टिकलीचे डोळे. टीव्हीच्या रिमोटला झबलं, फ्रिजच्या दांडीला झालर. लोकरीचा गणपती, सोंड एकीकडे आणि कान तिसरीकडे. आणि या सगळ्याच्या मधोमध पुठ्ठ्यावर चमकीने लिहिलेलं असतं, 'नवरीच्या हातचं'.

नवरीच्या हातचं कसलं डोंबलाचं! आमच्या किन्हीराजा गावाच्या आसपासच्या कितीतरी मांडवांत त्यातलं निम्मं माझ्या हातचं असतं. नवरीची आई सुट्टीच्या दिवशी येते, चहा पिते, माझ्या विणकामाची स्तुती करते आणि जाताना लोकरीची पिशवी ठेवून जाते. मी नाही म्हणत नाही. पोपटसुद्धा मीच विणलेत. त्यांची तोंडं पाहवत नाहीत म्हणून शेवटी डोळे लावते.

सध्या माझ्या सुयांवर दोन कामं आहेत. एक यांचा बिनबाह्यांचा स्वेटर. हे सकाळी लवकर हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, तेव्हा अंगात काहीतरी हवं. आधीच्या स्वेटरने यांनी मोटरपंपाचं ऑइल पुसलं. मी तो तारेवर लटकलेला पाहिला, काळा, चिकट, त्याला माश्या लागलेल्या. विचारलं तर म्हणाले, "जुना व्हता तो." माझ्या डोळ्यांदेखत मागच्याच थंडीत घातला होता. आता मातकट रंगाची लोकर आणली आहे, म्हणजे डाग पडले तरी मला दिसायला नकोत. दुसरं काम नातवाची टोपी. मुलगा-सून पुण्याला असतात. सुनेने फोनवर फोटो पाठवला, टोपीला अस्वलाचे कान हवेत म्हणे. माझ्याकडून कान उभे राहत नाहीत, लुळे पडतात, आणि पोरगं अस्वलाऐवजी आजारी बकरीसारखं दिसणार आहे. तरी विणते आहे.

तिसरं काम होतं, माझा स्वतःचा स्वेटर. तो आता माझ्याकडे नाही. तो कसा गेला ते सांगते.

इतकी वर्षं विणते, पण स्वतःसाठी कधी विणला नव्हता. थंडीत मी मुलाचा शाळेतला स्वेटर घालायची, छातीवर शाळेचा बिल्ला असलेला. बायका हसायच्या, "कितवीत हायेस वो?" म्हणायच्या. या वर्षी मात्र वाशीमला गेले तेव्हा वांगी रंगाची लोकर दिसली आणि मी कोणाला न विचारता घेतली. लांब बाह्या, उंच गळा आणि समोर जाड वेणी. वेणी म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून पाडलेला पीळ, केसांच्या वेणीसारखाच. मला दुसरं काही इतकं सुबक जमत नाही.

माझी वेणी डावीकडे वळते. इतरांची उजवीकडे वळते. कारण मी डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजी ताट ओढून घ्यायची आणि शी शी करायची, जणू मी उकिरड्यातून काही उचलून तोंडात घातलंय. शाळेत पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की बोटांवर पट्टी बसायची. मी उजव्या हाताने जेवायला, लिहायला, वाढायला शिकले. विणकाम शिकले ते शेजारच्या एका बाईंच्या समोर बसून, त्या उजव्या हाताने करतील ते मी डाव्याने करायचे. तिथे मला कोणी मारलं नाही. घाईत आजही हात चुकतो, आणि डाव्या हाताने पोळी वाढली तर पाहुणे अजूनही तोंड वाकडं करतात. त्यांच्याच अंगात माझ्या डाव्या हातचा स्वेटर असतो, त्याचं मात्र त्यांना काही वाटत नाही. या गोष्टीचा मला मनापासून तिटकारा आहे.

तर मागच्या उन्हाळ्यात आमच्या पुतणीचं लग्न झालं. माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी. आमची घरं शेजारी शेजारी, अंगण एकच. पोरगी हुशार, पदवी घेतलेली, स्वभावाने गोड, आणि हातात सुई दिली तर लाटणं धरल्यासारखी धरणारी. ती लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायची, म्हणून मी तिचं रुखवत हौसेने केलं. पोपट केला नाही. उशांचे अभ्रे, एक शाल, सगळ्यांवर माझी वेणी. जाऊबाईंनी त्यापुढे चमकीचा पुठ्ठा ठेवलाच.

मुलाकडचे रिठदचे. चांगली शेती, मुलगा निर्व्यसनी. पण तिची सासू म्हणजे कडक बाई. मोठ्या सुनेने बारावी पास असल्याचं खोटं सांगितलं होतं, ते पुढे उघड झालं, तर या बाईने तिला कितीतरी महिने माहेरी बसवलं होतं. "मले खोटं चालत नाई," हे तिने बैठकीतच सांगितलं होतं. मांडवात ती रुखवतापुढे बराच वेळ उभी राहिली, शालीच्या वेणीवरून बोट फिरवलं आणि जाऊबाईंना म्हणाली, "मीबी विनत व्हती. आता डोये काम देत नाईत. सुनंच्या हातात कला हाये, आमाले हेच पायजे व्हतं." जाऊबाई फुलून गेल्या. मी पत्रावळ्या उचलत होते, माझ्या हातून एक पडली.

हिवाळा लागला तसा पोरीचा फोन आला. आवाज दबलेला.

"काकू वो, सासूबाई म्हनून राह्यल्या, मले एक स्वेटर विनून दे."

"मंग शीक आता. मी सांगतो तुले."

"इथं कसी शिकू? त्या समोर बसून पायतात. मी सांगून टाकलं का स्वेटर माहेरी घेतला हाये विनाले, अर्धा झाला हाये."

"काहून सांगतलं असं?"

"मंग काय सांगू? इथं माया मोठ्या जाऊबाईचं काय झालं तुले मालूम हाये ना?"

ती रडायला लागली. मला तिचा राग आला, तिच्या आईचा त्याहून जास्त आला, पण पोरगी माहेरी बसवली जाईल या विचारापुढे तो टिकला नाही. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, मग तुझ्या सासूचा घेते विणायला. आधी माझा पुरा करते. आयुष्यात एकदा माझं काम पहिलं असावं, एवढीच माझी इच्छा होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पोरीच्या सासूबाई स्वतः सुनेला घेऊन आल्या. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, जाऊबाईंच्या ओसरीवर बायकांची गर्दी. माझ्या उजव्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता, तिळगूळ मी डाव्या हाताने पुढे केला. सासूबाईंनी पुढे केलेला तळहात मागे घेतला आणि पदराआड नेला.

"उजव्या हातानं द्या इहीनबाई. सनाचं हाये."

जाऊबाई मोठ्याने हसल्या. "तिले सवयच हाये तसी. लय सांगतलं, सुदरत नाई." सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी करंडा खाली ठेवला, तिळगूळ उजव्या हातात घेतला आणि दिला. तेवढ्यात माझे कान तापले होते. पन्नाशी उलटली तरी मी त्या ओसरीवर पुन्हा आजीसमोर बसलेली पोर झाले होते.

मग सासूबाई सुनेला म्हणाल्या, "तो स्वेटर दाखव वो. कुठंपर्यंत आला पाहू दे."

पोरीने आईकडे पाहिलं. जाऊबाई उठल्या, माझ्या दंडाला धरून मला अंगणात नेलं.

"तुया घरी खुंटीले तो वांगी स्वेटर लटकेल हाये ना?"

"तो माया हाये."

"आजच्या दिवस दे. दाखोतो आन वापस करतो. पोरीचा संसार हाये तिकडं, तुले कायचं पडलं एका स्वेटरचं!"

मी हो म्हणायची त्यांनी वाटच पाहिली नाही. माझ्या घरात शिरल्या, खुंटीवरचा स्वेटर काढला आणि घेऊन गेल्या. सुया लागलेल्याच होत्या, एका बाहीचं मनगट तेवढं बाकी होतं. माझा स्वेटर पदराखाली झाकून त्या चोरट्या पावलांनी अंगण ओलांडत होत्या. त्या क्षणी मला त्यांची जी शिसारी आली ती लपवता आली नसती, म्हणून मी थोडा वेळ तिथेच थांबले.

आत गेले तेव्हा स्वेटर सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यांनी तो उलटून पाहिला, ताणून पाहिला, छातीला लावून पाहिला.

"येवढंसंच राह्यलं? मंग आताच कर पुरा. गाडीले टाइम हाये."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिने सुया हातात घेतल्या, लाटण्यासारख्याच. ओसरीवर सगळ्या बायका पाहत होत्या. ती एक टाका घालायला गेली असती तर तिथेच संपलं असतं. मी पुढे झाले.

"आन इकडं. हात तं पाह्य तुये, हयदीनं भरले. लोकर पिवळी होईन. मी करून देतो तेवढं."

तिने स्वेटर माझ्याकडे इतक्या लगबगीने सरकवला की कोणाच्याही लक्षात आलं असतं. मी भिंतीला टेकून बसले. विणायला लागले की हात आपोआप डावा होतो, तिथे मला विचार करावा लागत नाही. जाऊबाई आणि पोरगी बायकांना वाण देऊन वाटेला लावू लागल्या. ओसरी रिकामी झाली, तशा सासूबाई सरकून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या बोटांकडे पाहत बसल्या. त्यांच्या तोंडाला तंबाखूच्या मिशरीचा वास येत होता. मी टाके चालू ठेवले.

"वेनी डावीकडं वयते," त्या हळूच म्हणाल्या.

मी मनगटाचा पुढचा टाका उचलला.

"शालीवरबी तसीच व्हती. मी मांडवातच पाह्यलं. म्हटलं, कोन्या डावखोरीचं काम हाये. अन सून तं उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं झाडते."

माझ्या हातातली सुई थांबली. अंगणात पोरगी कोणाला तरी कुंकू लावत होती, हलव्याचा हार तिच्या गळ्यात हलत होता. मी म्हटलं, "लेकरू हाये ते. तिची चूक नाई. बोलायचं तं मले बोला, तिच्या मायले बोला. तिले माहेरी आनून नका टाकू."

"कायले टाकू?" त्या हसल्या. "मोठ्या सुनंचं गावाले कयलं व्हतं, म्हून तिले बसवा लागलं. लोकं तोंडावर बोलत व्हते. हे कोनाले मालूम हाये? तुमाले अन मले."

त्यांनी स्वेटरची पुरी झालेली बाही उचलली आणि स्वतःच्या हाताला लावून पाहिली.

"मी काई बोलत नाई. ही बाही मातर जराशी लांब पायजे. मले सांध्याले थंडी लागते. अन फुडच्या साली पोरासाठी एक. मापं धाडतो."

मला वाटलं होतं या बाईला खोट्याची चीड आहे. निदान तेवढं तरी खरं असेल असं मी समजत होते. तिला खोटं छान पचत होतं, फक्त ते तिच्या उपयोगाचं असावं लागत होतं. स्वेटर तिच्या तोंडावर फेकावा, ओसरीवर उभं राहून सगळं ओरडून सांगावं, असं अगदी जिभेवर आलं. मग पोरगी आत आली. तिने आधी सासूच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. तिच्या कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काई नाई," सासूबाई म्हणाल्या. "तुयी काकू तुयं काम पुरं करून देऊन राह्यली. हात चांगला बसला हाये वो तुया." आणि हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या.

पोरीने श्वास सोडला. जाऊबाईंनी चहा टाकला. मी एक बाही लांब केली, दुसरीचं मनगट उसवून तीही तेवढी लांब केली. गाडीची वेळ होईपर्यंत सुई चालू होती. शेवटचे टाके मिटवले, धागा ओवून आत लपवला. जाऊबाई पुढे येऊन म्हणाल्या, "दे, पोरीच्या हातानं देतो."

मी दिला नाही. उठले आणि सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. उजवा हात मोकळा होता, तो मी मुद्दाम पाठीमागे नेला. माझा स्वेटर डाव्या हाताने त्यांच्यापुढे धरला, सणाच्या दिवशी, त्याच ओसरीवर, आणि वाट पाहिली.

त्यांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला. तोंडाजवळ नेला, नव्या लोकरीचा वास घेतला आणि लगेच अंगात चढवला.