चढावरचा टांगा

नगर स्टेशनावरच्या त्या टांगेवाल्याचा कणा तरुणपणापासून डावीकडे वाकलेला होता. त्याने कधी उपचार केले नाहीत. चाळिशीपर्यंत बाक वाढला, फासळ्या आत दबल्या आणि श्वास पुरेनासा झाला. गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो हे लपवी. रिवाजाप्रमाणे चढावर उतरून घोड्याबरोबर चाले आणि मध्येच थांबे.

“घोडं दमलंय.”

घोडा निवांत शेपूट हलवत असे.

एकदा माझ्याशेजारी बसलेली भाजीवाली मावशी त्याला म्हणाली, “लई दमलंय रं! तू वर बसून लगाम धर. मी चालते त्याच्यासंगं.”

तो वर चढला.

मावशी आमच्याकडे वळली. “आन् तुमी काय पंगतीला बसलाय? उतरा की!”

आम्ही सगळे उतरून टांगा ढकलू लागलो.