चार पुरुषांच्या ओळीत सासूबाई

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला सगळं घर दाखवायला लावलंत. फोन हातात धरून मी खोल्याखोल्यांतून फिरले. बाहेरच्या खोलीत आले तेव्हा तुमच्यातली धाकटी म्हणाली, "आजी, ह्या घरात बायका नव्हत्या का?"

मी भिंतीकडे पाहिलं. एका ओळीत चार फोटो : तुमच्या आजोबांचे आजोबा, वडील, थोरले काका आणि शेवटी स्वतः तुमचे आजोबा. चौघांनाही चंदनाचे हार. दर शनिवारी मी ह्या चौघांच्या काचा पुसते, आणि तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लाज वाटली. फोन ठेवल्या ठेवल्या मी ठरवलं की गणेश चवथीच्या आत ह्या भिंतीवर माझ्या सासूबाई लागतील.

त्यांचा एकही फोटो नाही, ही खात्री करून घ्यायला दोन दिवस गेले. पेट्या उपसल्या, नातेवाइकांना फोन केले. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे आहेत, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा आहे. सासूबाई नाहीत. विधवा बाईने कार्यात पुढे यायचं नाही, म्हणून त्या दिवसभर मागच्या बाजूला चुलीपाशी होत्या. "घरचे सगळे या" अशी फोटोग्राफरने हाक मारली तेव्हा त्यांना कोणी बोलावलं नाही. इंग्रजी शाळेत शिकून आलेली नवी सून, म्हणजे मी, तीही गप्प उभी राहिली. दोन वर्षांनी त्या गेल्या.

फोटो नाही, तर चित्र काढून घ्यायचं. डिचोलीला एक वयस्क पेंटर आहेत. त्यांनी आयुष्यभर जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवले : राजवाडा, अरण्य, देऊळ. आता छापील पडदे आल्यामुळे त्यांना वेळच वेळ होता. माझी थोरली नणंद, जिला मी बाय म्हणते, तीही डिचोलीलाच राहते. ऐंशी ओलांडलेली, एका डोळ्याने अधू. सासूबाईंना नीट पाहिलेली माणसं आता तीनच उरली होती : बाय, माझा धाकटा दीर आणि मी. उशीर करून चालणार नव्हतं. मी बायला पेंटरांसमोर कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "सांग, कशी होती."

बायने तासभर सांगितलं. रंग सावळा, केस विरळ, गालावर तीळ. पंधरा दिवसांनी चित्र बघायला गेलो. गोरीपान बाई, कमळासारखे डोळे, भरगच्च केस.

बाय म्हणाली, "ही खंयची आमची आवय? ही लक्ष्मी. दोन हात कमी पडले, इतकंच."

पेंटर ओशाळले. "बाय, जन्मभर देवीच रंगवल्या. हात तिकडेच वळतो."

दुसऱ्या वेळी त्यांनी युक्ती केली. लेकीत आई दिसतेच, म्हणून बायकडे बघत बघत चित्र काढलं. ह्या वेळी सावळा रंग होता, तीळही होता. बायने चष्मा पुसून पाहिलं आणि माझ्यावरच उखडली.

"ही मी गो! जिवंतपणी भिंतीवर टांगतेस मला? हारसुद्धा आणून ठेवलास काय?"

पेंटरांना हसू आवरेना. मला मात्र काळजी लागली. त्या दिवशी घरी परत येताना बसमध्ये मी सासूबाईंचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि ध्यानात आलं, मला तो समोरून आठवतच नाही. आठवतो तो केसांचा भांग, वाकलेली मान आणि हात. त्या नेहमी खाली बसून काहीतरी करत असायच्या, आणि मी उभी. बायला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "शाळेतून आलो की आम्हालाही तसंच दिसायचं. खाली बघून बिया फोडायची."

सासरे गेले तेव्हा दीर पोटात होता. सासूबाई पार्श्यातल्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायच्या, उरलेल्या घरी आणायच्या. सालीतल्या तेलाने बोटं काळी पडायची, कातडी सोलून निघायची.

मी पेंटरांना सांगितलं, "तिला बसलेली काढा. मान खाली, पुढ्यात बियांचा ढीग. चेहरा दिसेल तेवढा दिसेल. हात मात्र नीट काढा."

हे ऐकून माझा दीर म्हापशाहून मुद्दाम आला. बँकेतून निवृत्त झालेला, नीटनेटका माणूस.

"वयनी, फोटो बघण्यासारखा हवा. आवयला चांगलं लुगडं नेसव. कपाळाला कुंकू लाव. चवथीला वाड्यावरचे सगळे शेजारी येतात. आमची आवय बिया फोडायची हे त्यांना दाखवायचं?"

"फोडायची ना? त्याच हातांवर तू शिकलास."

"ते मला सांगू नकोस. पण कुंकू?"

"तुझ्या आठवणीत तिने कधी कुंकू लावलं होतं?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतो. एकदा तरी बघू दे मला."

क्षणभर वाटलं, लावू या. एक लाल ठिपका, त्यात काय एवढं. पण मग अल्बम आठवला. कुंकू नाही म्हणून जिला आम्ही सगळ्यांनी फोटोबाहेर ठेवलं, तिला आता कुंकू लावूनच भिंतीवर घ्यायचं, म्हणजे तो नियम मी पुन्हा एकदा पाळला असं झालं असतं.

"भावजी, ती होती तशीच लागेल," मी म्हटलं. तो चहा न घेताच गेला.

चवथीच्या आठ दिवस आधी चित्र आलं. कपाळ मोकळं, मान वाकलेली, बोटं काळी. बाय म्हणाली, "नाक चुकलंय. हात तिचेच." मी फोटोंची ओळ सरकवली, मधोमध सासऱ्यांशेजारी जागा केली, स्टुलावर चढून खिळा स्वतः ठोकला आणि पाचवा हार घातला.

चवथीला दीर आला. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं बांधली, पूजा केली, सगळं केलं. भिंतीकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी आरतीला वाड्यावरची मंडळी जमली. आरती संपल्यावर मी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तेव्हा एक म्हातारे शेजारी चित्राखाली उभे होते.

"कोण रे ही?" त्यांनी दिराला विचारलं.

मी जागच्या जागी थांबले. त्याने पहिल्यांदाच मान वर करून चित्राकडे पाहिलं.

"आवय माझी," तो म्हणाला.

"आणि करते काय?"

"काजूच्या बिया फोडते." तो चित्राच्या जवळ गेला. "उजवा हात बघा. तेल मुरायचं त्यात. धुतला तरी जायचं नाही. त्या हाताने भरवलं तर माझं तोंड भाजायचं. म्हणून मला डाव्या हाताने भरवायची. लोक नावं ठेवायचे तिला."

हे मला ठाऊक नव्हतं. बायलाही नव्हतं, ती पुढे सरकून ऐकू लागली. मी ताट मेजावर ठेवलं आणि खाली बसले, कारण तो अजून सांगत होता.