ओळीनंतरची रिकामी जागा

वाघोलीहून हिंजवडीला जाणारी आमची कंपनीची बस सकाळी पावणेसातला सुटते आणि नशीब बरं असेल तर नऊच्या आत पोचवते. गेल्या अकरा वर्षांत माझं जे काही संगीत झालं, ते या बसमध्ये झालं. खिडकीची जागा, तोंडावर ओढणी आणि ओढणीच्या आत फोन. चाल सुचली की मी ती गुणगुणून रेकॉर्ड करून ठेवते. शेजारी बसणाऱ्या मुलीला कित्येक महिने वाटत होतं, की मी रोज नवऱ्याशी हळू आवाजात भांडते.

मी स्वतःच्या चाली करते असं कळलं, की लोक कौतुकानं म्हणतात, वा, छान विरंगुळा आहे तुम्हाला. विरंगुळा कसला, डोंबल! चाल सुचते तेव्हा मी दमलेली असते आणि ती पुरी करायची वेळ येते तेव्हा आणखी दमलेली. संध्याकाळी दिवाणाखालून पेटी ओढून काढायची म्हणजे अक्षरशः जिवावर येतं. फोनमध्ये दोनशेच्या वर तुकडे साठलेत. सगळ्यांना मुखडा आहे, अंतरा एकालाही नाही. मुखड्याच्या दोन ओळी झाल्या की माझं घोडं तिथंच पेंड खातं.

पेटी वडिलांची. ते कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी असायची. जयंतीच्या महिन्यात तर घरी जेवायलाही सापडायचे नाहीत. आज या वस्तीतला विहार, उद्या त्या. गाणी त्यांची स्वतःची. ओळ ते म्हणायचे आणि मागे बसलेला चौघांचा कोरस तीच ओळ उचलून परत म्हणायचा. त्या चौघांत एक आई होती. वडील गेले, पार्टी मोडली, आणि आई पेटीसकट माझ्याकडे राहायला आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

दोनशे तुकड्यांतला एक मात्र माझी पाठ सोडत नव्हता. शब्दही माझेच होते, घराला कुलूप लावून कामाला निघालेल्या एका बाईचे. या वर्षी मला पन्नास पूर्ण झाली. मी ठरवलं, एवढं एक गाणं पुरं करायचं. नाही जमलं, तर पेटी कुणाला तरी देऊन टाकायची आणि बसमध्ये चारचौघांसारखं झोपायचं. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा त्या झोपेचाच मोह जास्त होता.

सदाशिव पेठेत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. घरातल्याच एका खोलीत संगणकावर ते लोकांच्या गाण्यांना वाद्यांची साथ जोडून देतात. एका शनिवारी मी तो तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चाल बरी आहे. पण आपण गाणं केलंय की बसचा मार्ग? दर ओळीनंतर थांबा आहे."

पडद्यावर त्यांनी दाखवलंही. माझ्या प्रत्येक ओळीनंतर, ओळीएवढीच लांब, सपाट रेघ होती.

"ऐकणाऱ्याला वाटेल, बाई मध्येच चहाला गेल्या," ते म्हणाले आणि त्यांनी त्या सगळ्या रेघा कापून टाकल्या.

गाणं एकदम नेटकं झालं, पळायला लागलं, आणि मला ते परक्याचं वाटायला लागलं. का, ते सांगता येईना. अकरा वर्षं बसमध्ये ओढणीखाली गुणगुणून आपल्याला साधं कुठं थांबावं तेही कळलं नाही, याची लाज वाटली. "छान झालंय," म्हणून मी जिना उतरले आणि स्कूटरपाशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी पेटी काढली ती पुसून देऊन टाकायच्या विचारानंच. आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. पुसता पुसता भाता हलला आणि मी शेवटचं म्हणून ते गाणं म्हटलं, माझ्या जुन्या पद्धतीनं, थांबत थांबत. पहिली ओळ संपली. मी थांबले. आणि आतून आईनं ती ओळ उचलली.

मी दुसरी ओळ म्हटली. तीही तिनं परत म्हटली. जागा बरोब्बर तेवढीच होती, मात्राही कमी-जास्त नाही. मुखडा तिथं संपला.

"थांबलीस का?" आतून आवाज आला. "म्हण की पुढं."

"पुढचं मला सुचतच नाही, आई."

"एकटी म्हणतीस, मग कसं सुचंल? आम्ही म्हणायचो तेवढ्यात तुझे बाबा मनात पुढची ओळ जुळवायचे. कोरस कशाला असतो मग?"

मी तीच ओळ पुन्हा म्हटली. आई ती म्हणत असताना अंतरा आला. मी काही केलं नाही. तेवढा वेळ मिळाला आणि तो आला. घाईघाईनं फोन समोर ठेवून मी सगळं पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. अंतऱ्याची ओळ वर चढत होती. आईनं ती उचलली, पण अर्ध्यावर तिचा श्वास संपला आणि ती खोकायला लागली. मी पाणी घेऊन धावले.

"एवढाच दम हाय गं आता," ती म्हणाली.

पुन्हा करू या म्हटलं, तर म्हणाली, भाजी टाकायचीय. त्या सोमवारी मी बसमध्ये पार हिंजवडीपर्यंत झोपले.

शनिवारी पुन्हा सदाशिव पेठ. रेघा परत घालून घेतल्या आणि त्यांत आईचा आवाज बसवला. गृहस्थांनी या वेळी सगळं गाणं ऐकलं.

"अंतऱ्यात या बाई मध्येच तुटताहेत," ते म्हणाले. "उरलेली अर्धी ओळ तुमच्या आवाजात भरून घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

"अहो, मग तिथं पोकळ वाटेल."

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढं तिथं कुणीच नसणार आहे. मला आत्तापासून सवय करायचीय."

त्यांनी ती अर्धी रेघ तशीच राहू दिली.